कागदावरचा माळी

हौसा घरत तीन दिवस लागोपाठ कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिन्ही दिवस वॉचमननं तिला एकच उत्तर दिलं. आठ नंबरच्या खोलीत बुधाजी घरत नावाचा कोणी कामाला नाही, कारण या कारखान्यात आठ नंबरची खोलीच नाही. शेड सात आहेत, हवं तर मोजून घे.

चौथ्या दिवशी कंपनीची बस फाटकापाशी थांबली आणि सत्यवती टिपणीस खाली उतरली, तेव्हा हौसा वॉचमनला ओलांडून सरळ तिच्यासमोर आली.

"तुमी टिपणीस बाई ना? आमच्यांनी तुमचा नाव सांगितला. मी बुधाजीची बायको, बेलपाड्याची."

"बुधाजी कसे आहेत?" सत्यवतीनं विचारलं. पाच महिन्यांपूर्वी तो रजेवर गेला तेव्हा त्याला क्षय झाल्याचं ऑफिसातून तिच्या कानावर आलं होतं. त्यानंतर तिनं चौकशी केली नव्हती.

"कसे असतील? चार पावला चालले का दम लागतो. आनि ह्यो बोलतो, ते हितं कामालाच नव्हते."

तिनं कनवटीची घडी घातलेली चिठ्ठी काढून दिली. पनवेलच्या लाइन आळीतल्या डॉक्टर मुकादमांची होती. अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. रुग्णाच्या थुंकीत क्षयाचे जंतू तीनदा तपासूनही सापडलेले नाहीत. तरीही दुसरीकडे चार महिने क्षयाची औषधं दिली गेली आणि त्यानं कावीळ झाली. छातीच्या फोटोत डाग आहेत, पण ते मला क्षयाचे वाटत नाहीत. रुग्ण कोणत्या रसायनांत काम करत होता, ते कृपया कळवावं.

सत्यवतीनं चिठ्ठी दोनदा वाचली. उत्तर तिला पहिल्या वाचनातच कळलं होतं. ते रसायन तिनंच निवडलं होतं.

ती या कंपनीची मुख्य रसायनतज्ज्ञ होती. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही रंगाची कंपनी स्कूटरचे आणि फ्रीजचे पत्रे रंगवून द्यायची. १९९० साली तिला एक वेगळं काम मिळालं. दक्षिणेतल्या एका लष्करी प्रयोगशाळेत रडारला चुकवणारं विमान तयार करायचा विचार चालला होता, आणि त्यासाठी लागणारा लेप कोणी बनवून देईल का, याचा शोध चालू होता. रडार म्हणजे आवाज देऊन पडसाद ऐकणारं यंत्र. लहरी विमानावर आपटून परत येतात आणि विमान पकडलं जातं. सत्यवतीनं दीड वर्ष खपून असा काळपट करडा लेप तयार केला, की त्या लहरी त्यातच जिरून जाव्यात. त्यात पिठाहून बारीक लोखंडाची भुकटी होती, आणि लेप पत्र्याला घट्ट धरून राहावा म्हणून फवारण्याआधी त्यात मिसळायचं हार्डनर नावाचं रसायन होतं. प्रयोगशाळेनं पहिला नमुना पाहून शाबासकी कळवली, तेव्हा घरी वडिलांना काहीच सांगता येत नव्हतं म्हणून ती नुसतीच श्रीखंड घेऊन गेली होती.

लेप बनवणं एक आणि लावणं वेगळं. तो थोडा जाड झाला तरी वाया आणि थोडा पातळ झाला तरी वाया. केसाच्या जाडीइतकाही फरक चालत नसे. बाहेरच्या देशांत यासाठी यंत्रं होती. इथं बुधाजी होता. बेलपाड्याहून सायकलनं येणारा, पंचेचाळिशीचा, स्कूटरचे पत्रे रंगवता रंगवता हात बसलेला माणूस. हातात फवाऱ्याची बंदूक घेऊन तो पत्र्यावरून पस्तीस-चाळीस हात मारायचा आणि मग मान तिरकी करून म्हणायचा, "झाला बाई, मोजा." सत्यवती जाडी मोजायची. फरक सापडायचा नाही. पहिले चार दिवस तिला तो योगायोग वाटला होता.

या कामासाठी सातव्या शेडच्या मागं पत्र्याची एक खोली बांधली. तीच आठ नंबरची. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली. बुधाजीनंही केली. कागद इंग्रजीत होता.

खोलीत हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा होता. तो चालू असला की फवारा एका बाजूला ओढला जाई, जाडी बिघडे आणि परदेशातून आणलेली भुकटी उडून जाई. कारखान्याचे मॅनेजर कमळाकर दामले म्हणाले, "पहिले सहा पत्रे होईपर्यंत पंखा बंद ठेवू. मग बघू." सत्यवतीनं आधी नकार दिला. त्या रसायनाची वाफ छातीत गेली तर काय होतं ते तिनं वाचलेलं होतं. तिनं बाहेरून नळीनं स्वच्छ हवा पुरवणारे मुखवटे मागवायचा अर्ज केला. अर्ज परत आला, कारण मुखवटे कशासाठी हवेत हा रकाना रिकामा होता. दामले म्हणाले, तो रकाना भरता येणार नाही, काम गुप्त आहे. शेवटी सहा पत्र्यांपुरतं म्हणून तिनं पंखा बंद ठेवायच्या कागदावर सही केली. बुधाजीला तोंडावर बांधायला कापडाच्या पट्ट्या मिळाल्या. सहाचे साठ पत्रे झाले. पंखा पुन्हा कोणी लावला नाही, आणि तिनंही पुन्हा विषय काढला नाही, कारण पत्रे फार सुरेख होत होते.

हे सगळं तिला फाटकाशी उभ्याउभ्या आठवलं.

"मी विचारून सांगते," ती हौसाला म्हणाली.

"कोनाला विचारनार? तुमालाच ठावं हाय ना?"

सत्यवती आत गेली.

दामल्यांनी चिठ्ठी वाचली आणि टेबलावर उलटी ठेवली. ते कधी आवाज चढवत नसत. "टिपणीसबाई, यावर आपण काही कळवू शकत नाही."

"साहेब, त्याला क्षय नाहीच. फोटोतले डाग लोखंडाच्या भुकटीचे असणार. आणि दम हार्डनरच्या वाफेनं लागतोय. त्या डॉक्टरांना फक्त हार्डनरचं नाव, आयसोसायनेट, एवढा एक शब्द हवा आहे."

"लेपात काय आहे हे गुप्त आहे."

"भुकटी गुप्त आहे, मान्य. भुकटीचं नाव काढत नाही मी. पण हार्डनर? तो तर फोमच्या गाद्या करणारेसुद्धा वापरतात!"

"लेपात जे जे आहे ते सगळं गुप्त. तुमची सही आहे त्यावर." मग त्यांनी चिठ्ठी सुलट करून खालच्या नावावर बोट ठेवलं. "आणि ही माहिती मागतंय कोण, तेही बघा. मुकादम. मुंबईत गेल्या वर्षी बॉम्बस्फोट झाले ते विसरलात? उद्या कोणी विचारलं तर तुम्ही काय उत्तर देणार आहात?"

सत्यवतीचे कान तापले. "मुकादम डॉक्टर पनवेलला तीस वर्षं दवाखाना चालवतायत. माझ्या वडिलांचं रक्तदाबाचं औषध त्यांचंच आहे. काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. फक्त सावध करतो."

ती उठली. दारातून मागं वळून तिनं विचारलं, "बुधाजीला रजा कोणत्या कारणानं दिलीय?"

"रजा?" दामले म्हणाले. "बुधाजी घरत आपल्याकडे कंत्राटदारामार्फत माळीकामाला होता. कंत्राट संपलं."

रजिस्टर हिशेबनिसाच्या खोलीत असायचं. सत्यवतीनं ते स्वतः जाऊन पाहिलं. दोन वर्षांची हजेरी एकाच शाईनं, एकाच बसणीत नव्यानं लिहिलेली होती. घरत बुधाजी, माळी. कारखान्याच्या नकाशावर सातव्या शेडमागच्या खोलीलाही नाव होतं: बाग-साहित्य. कारखान्याभोवती बाग म्हणावी असं काही नव्हतं. फाटकाशी जास्वंदीची दोन झाडं होती, आणि त्यांना वॉचमन पाणी घालायचा.

रविवारी ती बेलपाड्याला गेली. बुधाजी ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. डोळे अजून पिवळट होते, गळ्याच्या हाडांमागं खड्डे पडले होते. त्याच्याजवळ एक वेगळा तांब्या आणि वेगळी ताटली ठेवलेली होती.

"या बाई," तो म्हणाला. "लांबच बसा. मना टीबी हाय."

"तुम्हाला टीबी नाही, बुधाजी."

हौसा आतून दारात आली. "काय बोललाव?"

"त्यांना टीबी नाही. कामावरच्या फवाऱ्याच्या औषधानं झालंय हे."

हौसा उंबऱ्यावरच खाली बसली. मग ती बोलायला लागली आणि तिचा आवाज हळूहळू वाढत गेला. मोठ्या पोरीचं गव्हाणला ठरलं होतं. टीबीचं कळलं आणि मुलाच्या बापानं सुपारी परत पाठवली. पाणी भरायला गेलं की बाया हंडे बाजूला घेतात. भावकीतल्या हळदीला बोलावणं नाही. चार महिने गोळ्या खाऊन लघवी लाल, अन्न नको, कावीळ. "आनि हे सगला नुसता नाव न सांगितल्यापायी? येका औषदाचा नाव?"

बुधाजी म्हणाला, "हौसे, बाईंना कशाला बोलते. त्यांचा बी नाविलाज असंल. सरकारी काम हाय. लढाईचा."

त्याच्या त्या समजूतदारपणानं सत्यवतीला जास्त लागलं. ती दहा मिनिटांत उठली. जाताना म्हणाली, "मी नाव देते डॉक्टरांना. दोन दिवसांत."

पण तिनं दिलं नाही. घरी आल्यावर तिनं गुप्ततेच्या कागदाची आपली प्रत काढून वाचली. त्यात तुरुंगवासाची वर्षं लिहिलेली होती. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे आजारी वडील, इतकंच घर. तिला काही झालं तर त्यांच्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. तिनं ठरवलं, प्रयोगशाळेला रीतसर पत्र लिहून परवानगी घेऊ. पत्र लिहिलं. ते दामल्यांमार्फत जायचं होतं, म्हणजे ते गेलंच नसणार, हे कळायला तिला आठवडा लागला.

तेवढ्या आठवड्यात दामल्यांनी आपलं काम करून घेतलं. प्रयोगशाळेचे अधिकारी शेवटच्या चाचणीचे पत्रे न्यायला येणार होते. नव्या फवारेवाल्याचे अकरा पत्रे बाद झाले होते. मंगळवारी सत्यवती मुंबईला सामान तपासायला गेलेली पाहून दामल्यांनी बेलपाड्याला जीप पाठवली. कंत्राट पुन्हा चालू करतो, औषधाचंही बघतो, फक्त चार पत्रे मारून दे, असा निरोप होता. बुधाजी गेला. हौसानं अडवलं तर म्हणाला, माझ्यावाचून त्यांचं अडलंय, बघ.

त्यानं तीन पत्रे पूर्ण केले. चौथ्याच्या अर्ध्यावर त्याचा श्वास अडकला. दोघा कामगारांनी त्याला उचलून बाहेर आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. बंदूक हातातून सोडवावी लागली. जीपनं त्याला मुकादमांच्या दवाखान्यापर्यंत नेलं, दारात उतरवलं आणि डॉक्टर बाहेर यायच्या आत जीप निघून गेली.

सत्यवतीला बुधवारी सकाळी एका कामगारानं हे बसमध्येच सांगितलं. बस कळंबोलीच्या नाक्यावर होती. तिनं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, उतरली, आणि पलीकडून येणाऱ्या टेम्पोला हात दाखवून पनवेलला परत गेली.

बुधाजीला ऑक्सिजन लावलेला होता. हौसा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं सत्यवतीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"या सत्यवतीबाई," डॉक्टर मुकादम म्हणाले. साठी उलटलेला, बारीक अंगाचा माणूस. "रात्र काढलीय त्यानं. पण मी अंधारात औषध देतोय."

"आयसोसायनेट," सत्यवती म्हणाली. "दोन वर्षं. पंखा बंद, तोंडाला नुसती कापडाची पट्टी. आणि फोटोतले डाग लोखंडाच्या भुकटीचे."

डॉक्टर खाटेकडे वळले. "म्हणजे त्याला त्या वाफेचं वावडं झालंय. आता नुसता वास आला तरी असा झटका येणार. हे तुम्ही मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला त्या फाटकाच्या आसपाससुद्धा जाऊ दिलं नसतं." आवाज शांत होता. "तुम्ही तोंडी सांगताय. केसपेपरवर लिहू का?"

"लिहा. नाही, द्या, मीच लिहिते."

तिनं केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात रसायनाचं नाव, किती महिने, कोणत्या खोलीत, हे सगळं लिहिलं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख घातली आणि सही केली.  चार महिने एका माणसाला न झालेल्या रोगाच्या गोळ्या खाऊ घातल्या जात होत्या, त्याच्या घरचं पाणी लोक टाळत होते, आणि ती पत्र्यांची जाडी मोजत बसली होती. तिला दामल्यांचा जितका राग आला होता तितकाच स्वतःचाही आला होता.

बुधाजी वाचला. नवी औषधं लागू पडली आणि दहा दिवसांनी तो घरी गेला. त्याच आठवड्यात सत्यवतीला गुप्तताभंगाची नोटीस आली.

चौकशी दामल्यांच्या खोलीत झाली. पत्रे न्यायला आलेले प्रयोगशाळेचे अधिकारीच समोर बसले होते. उंच, केस पांढरे, इंग्रजीतून तोलून बोलणारे. आदल्या दिवशी सत्यवती कळंबोलीला गेली होती. तिथं ट्रकच्या गाद्या करणाऱ्या एका दुकानाबाहेर त्याच हार्डनरचा रिकामा पिंप होता. दुकानदार त्यात हात धुवायचं पाणी भरायचा. तिनं तो त्याच्याकडून मागून घेतला, धुऊन टेम्पोत घातला आणि आता दोन हमालांकडून उचलवून चौकशीच्या खोलीत आणून ठेवला.

"हे काय?" दामले म्हणाले.

"तुमचं गुपित," सत्यवती म्हणाली. "कळंबोलीच्या रस्त्यावर पडलं होतं. नाव वाचा. वीतभर अक्षरं आहेत. खाली धोक्याची सूचनाही आहे. हे नाव मी डॉक्टरांना सांगितलं. एवढाच माझा गुन्हा."

अधिकाऱ्यांनी खाली वाकून पिंपावरची सूचना वाचली. मग सरळ होऊन दामल्यांना विचारलं, "डॉक्टरांपासून हे लपवायला तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही तर नाही."

"सर, कागदात सगळी सामग्री—"

"मी विचारतोय ते डॉक्टरांबद्दल."

दामले समोरचे कागद चाळू लागले. अधिकाऱ्यांनी विषय बदलावा तसं पुढची फाइल उघडली. "काल मी ते तीन पत्रे तपासले. इतकं एकसारखं हाताचं काम मी दुसरीकडे कुठंही पाहिलेलं नाही. कोणी केलं?"

"माळ्यानं," सत्यवती म्हणाली.

"काय?"

"यांच्या रजिस्टरप्रमाणे ते काम माळ्यानं केलं. बाग-साहित्याच्या खोलीत. तुम्ही आपल्या अहवालात तसंच लिहा, सर. देशाच्या नव्या विमानाचा लेप जास्वंदीला पाणी घालणाऱ्या माणसानं लावला." आतापर्यंत तिनं आवाज धरून ठेवला होता, तो आता सुटला. "शत्रूच्या रडारला चुकवायचं होतं ना आपल्याला? मग आपल्याच माणसाला हजेरीबुकातून, नकाशातून, डॉक्टरांच्या कागदातून कशाला नाहीसं केलंत? तो कोणाच्या बाजूचा होता?"

 अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी ते म्हणाले की तिच्यावर कारवाई व्हावी असं आपल्याला वाटत नाही, आणि कंपनीला आपण लेखी कळवू की रुग्णावरच्या उपचारासाठी लागणारी माहिती गुप्त समजू नये.

त्यांनी ते पत्र खरोखर पाठवलं. माणूस सच्चा होता. पण त्यावर 'गुप्त' असा शिक्का होता, कारण त्या कामाबद्दलच्या प्रत्येक कागदावर तो मारला जायचा. महिनाभरानं कंपनीनं सत्यवतीची जागाच रद्द केली आणि तिला घरी पाठवलं. नंतर बुधाजीच्या नुकसानभरपाईचा दावा कामगार न्यायालयात उभा राहिला तेव्हा कंपनीच्या वकिलांनी सांगितलं, असं पत्र असेल तर ते गुप्त आहे, दाखवता येत नाही, आणि अर्जदार तर माळी होता.

दावा तीन वर्षं चालला. सत्यवतीला रंगाच्या धंद्यात पुन्हा कोणी नोकरी दिली नाही. फोन केला की पलीकडचा माणूस नाव ऐकून कामात असायचा. ती पनवेलच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायला लागली आणि तारीख असली की रजा घ्यायची. कंपनीचे साक्षीदार शपथेवर सांगत, आठ नंबरची खोली कधी नव्हतीच. ती तोवर पाडूनही झाली होती. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सत्यवती जागेवरून ओरडली, "खोटं बोलतायत!" न्यायाधीशांनी तिला बाहेर काढलं. व्हरांड्यात उभी राहून ती संतापानं रडली. हौसा शेजारी उभी होती. तिनं तिला धीर दिला नाही. पंख्याच्या कागदाचं सत्यवतीनं तिला पूर्वीच सांगितलं होतं. हौसानं एवढंच विचारलं, "पंखा बंद करायच्या कागदावर तुमची सई हाय ना?"

"आहे."

"मंग ती बी सांगा आत जाऊन."

पुढच्या तारखेला सत्यवतीनं साक्षीत तेही सांगितलं. खोली होती. पंखा बंद होता. तो बंद ठेवायला लेखी संमती माझी होती. धोका मला माहीत होता. कंपनीच्या वकिलांना वाटलं की ही बाई आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतेय, आणि त्यांनी तिला आनंदानं बोलू दिलं. पण खोली नव्हती तर पंखा कोणत्या खोलीतला, हे न्यायाधीशांनी त्यांनाच विचारलं. मुकादम डॉक्टर दोनदा साक्षीला आले, केसपेपर दाखवला, छातीचे फोटो उजेडासमोर धरून समजावले. उलटतपासणीत त्यांना त्यांच्या नावावरून खोचक विचारलं गेलं. ते म्हणाले, "मी पनवेलचा डॉक्टर आहे. माझ्या दारात जो टाकला जातो त्याला मी बघतो."

१९९७ च्या मार्चमध्ये निकाल लागला. बुधाजी धुरामुळे गर्दीतून येऊ शकत नव्हता. रिक्षाच्या धुरानंसुद्धा त्याची छाती भरायची, आणि हौसा चूल घरामागं नेऊन मांडत होती. मोठ्या मुलीचं लग्न गव्हाणला नाही, पण दुसरीकडे झालं होतं. निकालाला हौसा एकटीच आली. दामले नव्हते. त्यांना पुण्याच्या दुसऱ्या कंपनीत वरची जागा मिळाली होती.

कागद इंग्रजीत होता. व्हरांड्यातल्या बाकावर हौसानं तो सत्यवतीपुढं धरला. "वाचा. मराटीत सांगा."

सत्यवती एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेली. अर्जदार बुधाजी घरत हा माळी नव्हता. तो फवारणीचा कुशल कामगार होता. त्याचा आजार कामामुळे झाला. कंपनीनं रजिस्टर बदललं. कंपनीनं भरपाई द्यावी.

तिसऱ्या पानावर ती थांबली. पुढचा परिच्छेद तिच्याविषयी होता.

"काय झाला?" हौसानं विचारलं.

"काही नाही." तिनं पान सरळ धरलं. "पुढं लिहिलंय, कंपनीच्या रसायनतज्ज्ञ श्रीमती टिपणीस यांना या रसायनाचा धोका पूर्णपणे माहीत होता. तरीही त्यांनी हवा खेळती नसताना काम चालू ठेवायला संमती दिली. अर्जदार आजारी पडल्यावरही योग्य वेळी त्यांनी माहिती दिली नाही. नंतर त्यांनी धैर्य दाखवलं, ते या न्यायालयाला मान्य आहे. पण त्यामुळे आधीची जबाबदारी कमी होत नाही."

हौसा तिच्याकडे बघत होती. समोरून वकिलांची ये-जा चालू होती. कोणीतरी दुसऱ्याच कुठल्या दाव्याचं नाव मोठ्यानं पुकारलं.

"बरोबर लिवलंय," हौसा म्हणाली.

"हो," सत्यवती म्हणाली.

हौसा बाकावर थोडी सरकून तिच्याजवळ बसली आणि कागदाच्या कडेला बोट लावून म्हणाली, "अजून येक पान हाय. वाचा फुडं."